कोलॅजेन मेम्ब्रेन पहिल्यांदा वापरताना

"सर, पहिल्या केससाठी कुठल्या कंपनीचं मेम्ब्रेन मागवू?" नवीन क्लिनिक टाकलेला दातांचा डॉक्टर असो की एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, फोनवर हाच प्रश्न येतो. मेम्ब्रेन म्हणजे हिरडी आणि तिच्याखालचं हाड यांच्या मधे घालायचा पातळ पडदा, इथे कोलॅजेन या प्रथिनाचा. मी उलट विचारतो: मेम्ब्रेन न टाकता, नुसता फ्लॅप (चिरून हाडापासून सोडवलेला हिरडीचा पदर) उचलून तो मूळ जागेच्या ५ मिलिमीटर पुढे आणता येतो का? आणि तिथे तो जराही न ओढता शिवता येतो का? येत नसेल तर पाकीट अजून उघडायचं नाही. कोलॅजेन मेम्ब्रेनच्या ज्या केस बिघडलेल्या मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांत मेम्ब्रेनचा काही दोष नव्हता. वरची हिरडी बंद राहिली नव्हती. त्यात माझी स्वतःची पहिली केसही आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

हे वाचून लगेच एकट्याने करायला घेऊ नका. पहिल्या दोन-तीन केसना हे काम नेहमी करणारा सहकारी शेजारी उभा असू द्या.

मेम्ब्रेन करतं काय

दात काढला की खोबणीच्या कडेचं हाड झिजू लागतं. दाढा-उपदाढांच्या जागी वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतच झालेली असते. म्हणून इम्प्लांट (दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवायचा स्क्रू) बसवताना गालाच्या बाजूला हाड कमी पडतं आणि तिथे आपण ग्राफ्ट, म्हणजे हाडाच्या भरावाचे दाणे, भरतो. पण ग्राफ्ट भरून नुसती हिरडी शिवली तर त्या जागेवर हिरडीच्या पेशी आधी पोचतात. त्या वेगाने सरकतात, हाड तयार करणाऱ्या पेशी मात्र संथ असतात. मधे आडोसा नसेल तर हाडाच्या जागी मऊ ऊतीच भरतात.

जखमेत कुठल्या पेशी आधी पोचतात त्यावर तिथे काय उगवणार हे ठरतं, हा विचार मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडला. १९८८ मध्ये स्वीडनच्या दालिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाडावर करून दाखवला. उंदरांच्या खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंना आरपार भोक पाडलं, एका बाजूला पीटीएफईचा (टेफ्लॉनचा, न विरघळणारा) पडदा लावला आणि दुसरी बाजू तशीच सोडली. पडदा लावलेल्या बाजूची भोकं ६ आठवड्यांत हाडाने भरली. उघडी बाजू २२ आठवड्यांनंतरही जवळपास तशीच होती.

टोमॅटो लावणाऱ्या एका शेतकरी काकांना मी हे समजावत होतो. त्यांनी मला मधेच थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे मल्चिंग पेपर की डॉक्टर! पिकाच्या आधी तण माजू नये म्हणून." तेव्हापासून मी पेशंटना हेच उदाहरण देतो. पीटीएफईचा पडदा तर अगदी मल्चिंग पेपरसारखाच असतो, काम झालं की दुसरी शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. कोलॅजेनचा पडदा शरीर स्वतःच विरघळवतं. नवशिक्याच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा म्हणजे तो थोडा उघडा पडला तरी बहुतेकदा केस हातची जात नाही. सच्छिद्र प्रकारचा पीटीएफई उघडा पडला की जंतू शिरतात आणि तो वेळेआधी काढण्याची पाळी येते.

कुठलं मेम्ब्रेन घ्यायचं, आणि पेशंटला काय सांगायचं

कोलॅजेन मेम्ब्रेनचे ढोबळ दोन प्रकार आहेत. नेटिव्ह, म्हणजे ज्याच्या धाग्यांवर जास्तीची रासायनिक प्रक्रिया केलेली नाही. हे मऊ असतं, ऊतींशी लवकर मिळून येतं, पण लवकर विरघळतंही. दुसरं क्रॉसलिंक केलेलं, ज्याचे धागे एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले असतात. ते काही महिने टिकतं, पण त्यावरची हिरडी उघडण्याचं प्रमाण जास्त दिसतं. सुरुवात नेटिव्हने करा. त्याचा आडोसा लवकर संपतो ही उणीव आहे, पण छोट्या आणि हाडाच्या भिंतींनी वेढलेल्या दोषाला (म्हणजे हाड कमी पडलेल्या जागेला) तेवढा पुरतो.

कोलॅजेन येतं प्राण्यांपासून, आणि आपल्याकडे हा मुद्दा फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत ढकलायचा नसतो. स्वित्झर्लंडच्या गाइस्टलिश कंपनीचं बायो-गाइड डुकराच्या कोलॅजेनचं आहे. चेन्नईच्या युकेअरचं पेरिओकॉल माशांच्या कोलॅजेनचं. गाई-बैलांपासूनचीही मेम्ब्रेन आहेत, आणि ग्राफ्टच्या दाण्यांमध्ये बायो-ऑस हे गाईच्या हाडापासून बनतं. समोर गळ्यात तुळशीची माळ घातलेले आजोबा असतील, जैन कुटुंबातल्या काकू असतील, मुसलमान तरुण असेल. प्रत्येकाला खुर्चीवर घेण्याआधी, शुद्ध मराठीत, "हे अमुक प्राण्यापासून केलेलं असतं, चालेल का?" असं विचारा. उत्तराचा अंदाज स्वतः बांधू नका. माळकरी असून "औषधाला चालतं" म्हणणारे मला भेटले आहेत, आणि एरवी सगळं खाणारे असून नको म्हणणारेही. शस्त्रक्रियेनंतर पाकिटावरचं लेबल वाचून पेशंटला हे कळलं, तर दुखावलेला विश्वास कुठल्याच टाक्याने शिवला जात नाही.

नको म्हणाले तर पर्याय आहेत. कृत्रिम पॉलिमरची विरघळणारी मेम्ब्रेन मिळतात, पीटीएफई आहे. ग्राफ्टसाठी पेशंटचं स्वतःचं हाड आहे, किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेसारख्या ठिकाणचं, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं मानवी हाड. त्यालाही वेगळी संमती घ्या. पेशंटच्याच रक्तापासून केलेलं पीआरएफ बरेच जण मेम्ब्रेन म्हणून वापरतात. ते जखम भरायला मदत करतं, पण एक-दोन आठवड्यांत विरघळतं, त्यामुळे हाड तयार होईपर्यंत आडोसा म्हणून त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका.

उरलेला तुकडा पुढच्या पेशंटसाठी ठेवू नका, हे मी हात जोडून सांगतो. मेम्ब्रेन महाग असतं, २० बाय ३० मिलिमीटरमधलं निम्मं वापरलं की उरलेलं ऑटोक्लेव्ह करून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करून) ठेवायचा मोह होतो. ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने कोलॅजेनचे पिळदार धागे उलगडतात आणि त्याचं जिलेटिन होतं. मेम्ब्रेनसारखं दिसणारं, पण मेम्ब्रेनचं काम न करणारं काहीतरी मग दुसऱ्या माणसाच्या जबड्यात जातं. दोष छोटा असेल तर लहान मापाचं पाकीट मागवा.

पहिली केस निवडताना

काढलेल्या दाताची खोबण, जिच्या तीन भिंती शाबूत आहेत. किंवा इम्प्लांट बसवल्यावर गालाच्या बाजूचे दोन-तीन आटे उघडे राहिले आहेत आणि दोन्ही बाजूंना हाड आहे. एवढंच. हाडाची उंची वाढवायची केस पहिल्या वर्षात घेऊच नका. कोलॅजेन मऊ असतं, स्वतःच्या बळावर जागा धरून ठेवत नाही. खाली आधार नसेल तर ते ओल्या कापडासारखं बसतं आणि हाडाला जागाच उरत नाही.

पेशंटची निवडही तितकीच महत्त्वाची. मधुमेहात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७ च्या वर असेल तर मी थांबतो आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलतो. तंबाखूबद्दल विचारताना "सिगारेट ओढता का?" एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे कित्येक बायका रोज मिश्री लावतात आणि त्यांच्या मनात ते व्यसन नसतं, दात घासणं असतं. "मावशी, मिश्री लावता का? दिवसातून किती वेळा?" असं नाव घेऊन विचारलं तरच उत्तर मिळतं. ती लावण्याची जागा नेमकी आपल्या टाक्यांवर येते. शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद आणि नंतर किमान दोन महिने बंद, हा माझा नियम आहे. जमणार नसेल तर मी ब्रिजचा किंवा काढता-घालता येणाऱ्या दाताचा पर्याय पुढे ठेवतो.

हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या औषधांचंही तसंच. गोळ्या पेशंट सांगतात, पण वर्षातून एकदा सलाईनमधून घेतलेलं झोलेड्रोनिक अॅसिड "औषध" म्हणून त्यांच्या लक्षातही नसतं. "हाडांसाठी कधी सलाईन लावलं होतं का?" असं विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायला सांगू नका, आधी फिजिशियनला फोन करा.

चिरा आणि फ्लॅप

सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) करून दोषाची रुंदी, खोली आणि शेजारच्या मुळांपासूनचं अंतर लिहून ठेवा. खालच्या उपदाढांच्या भागात मेंटल फोरामेन (ओठाची मेंटल नर्व्ह हाडातून बाहेर येते ते छिद्र) कुठे आहे ते त्या दिवशीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा.

कण्यावरची (दात नसलेल्या हाडाच्या वरच्या कडेवरची) चीर घट्ट, गुलाबी, न हलणाऱ्या हिरडीतून जाऊ द्या, कारण टाके तिथेच धरतात. उभी चीर दोषाला लागून नको, एक दात सोडून पलीकडे घ्या. मेम्ब्रेनच्या कडेच्या थेट वर शिवण आली तर उघडण्याची भीती वाढते. मग पेरिऑस्टियमसकट (हाडावरच्या चिवट आवरणासकट) पूर्ण जाडीचा फ्लॅप उचला, हाडावरच्या मऊ ऊती खरवडून काढा, आणि हाड टणक व कोरडं दिसत असेल तर गोल बरने (ड्रिलच्या टोकाने), सलाईनची धार चालू ठेवून, बारीक छिद्रं पाडा. आतल्या मगजातून रक्त येऊ लागलं की थांबा.

ताण सोडवणं

आता थोडं थांबून वाचा, सगळी केस इथे ठरते.

ग्राफ्ट भरला की खालचा उंचवटा वाढतो आणि तीच हिरडी त्यावर अपुरी पडते. हिरडी लवचीक असते, पण तिच्या आतल्या बाजूचं पेरिऑस्टियम ताणलं जात नाही. ते कॅनव्हाससारखं ताठ असतं. म्हणून फ्लॅपच्या तळाशी, आतून, एका उभ्या चिरेपासून दुसऱ्या उभ्या चिरेपर्यंत, पेरिऑस्टियमवर एकच सलग चीर द्यायची. नवीन १५ नंबरचं ब्लेड घ्या, हाडावर वापरून बोथट झालेलं नको. खोली अर्ध्या ते एक मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. फ्लॅप फोर्सेपने (चिमट्याने) हलका ताणून धरला की ब्लेड लागताक्षणी कडा आपोआप विलग होताना दिसतात. तोच इशारा. पुन्हा पुन्हा खोल जाऊ नका, मधे तुटक जागा सोडू नका. एवढासा न कापलेला धागा राहिला तरी सगळा फ्लॅप तिथे अडकतो.

खालच्या उपदाढांपाशी मेंटल नर्व्ह आधी डोळ्यांनी पाहा आणि तिच्यापासून दूर, वरच्या बाजूला चीर ठेवा. तिथे घाई झाली तर खालचा ओठ बधिर होतो, कधी कायमचा. जिभेच्या बाजूने ताण सोडवण्याच्या फंदात सुरुवातीच्या काळात पडू नका. तिथल्या रक्तवाहिनीला धक्का लागला तर तोंडाच्या तळाशी रक्त साठून श्वासावर बेतू शकतं.

मग चाचणी. फोर्सेपने फ्लॅप पलीकडच्या कडेवर आणा आणि सोडा. तो पलीकडच्या कडेवर ५ मिलिमीटर पडून तिथेच निवांत राहायला हवा. मागे सरकला तर अजून सुटलेला नाही. पेशंटला ओठ हलवायला सांगूनही पाहा.

हे सगळं ग्राफ्ट भरण्याआधी करायचं. माझ्या पहिल्या केसमध्ये मी ते शेवटी ठेवलं होतं. वरच्या पुढच्या दाताची जागा, ग्राफ्ट सुंदर भरला, मेम्ब्रेन छान बसलं, आणि शिवायला घेतल्यावर हिरडी पोचेना. दाणे हलतील या धास्तीने पेरिऑस्टियमला हात लावला नाही आणि टाके ओढून घट्ट बांधले. त्या वेळी बंद दिसलं. नवव्या दिवशी ताई परत आल्या: "डॉक्टर, तोंडात तांदळाच्या कणीसारखं काहीतरी येतंय." कडा ताणाने पांढऱ्या पडून सुटल्या होत्या. सहा महिन्यांनी तिथे जेमतेम निम्मं हाड मिळालं आणि त्यांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेला बसावं लागलं. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दोष माझाच होता, आणि तो मेम्ब्रेनचं पाकीट उघडण्याच्या अर्धा तास आधी घडलेला होता.

आधी ताण सोडवण्याचा आणखी एक फायदा: त्या चिरेतून बऱ्यापैकी रक्त येतं. ग्राफ्ट तयार होईपर्यंत ओल्या गॉजने दाबून धरलं की ते थांबतं, आणि नंतर फ्लॅपखाली रक्त साठून सूज वाढत नाही.

ग्राफ्ट आणि मेम्ब्रेन

दाणे पेशंटच्या रक्तात किंवा सलाईनमध्ये भिजवा. भरताना ठासू नका, दाण्यांमधून रक्तवाहिन्यांना वाट हवी असते.

मेम्ब्रेनचा आकार आधी साच्यावर ठरवा. टाक्याच्या पाकिटातला निर्जंतुक फॉइलचा कागद कापून दोषावर ठेवून पाहा. दोषाच्या कडेपलीकडे सगळीकडे २ ते ३ मिलिमीटर हाडावर टेकला पाहिजे, पण शेजारच्या दाताच्या मुळापासून दीड मिलिमीटर तरी लांब. दाताच्या कडेचे जंतू मेम्ब्रेनपर्यंत पोचू द्यायचे नाहीत. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा हिरडीला आतून टोचतो. साचा जमला की मेम्ब्रेन कोरडं असतानाच त्या मापाने कापा. ओलं झालं की ते कात्रीला दाद देत नाही.

दोन थरांच्या मेम्ब्रेनमध्ये खरबरीत, सच्छिद्र बाजू हाडाकडे आणि गुळगुळीत बाजू हिरडीकडे. पाकिटावरची खूण टेबलावर ठेवण्याआधीच बघून घ्या, रक्ताने भिजल्यावर बाजू ओळखणं कठीण जातं.

मी मेम्ब्रेन आधी तालूच्या किंवा जिभेच्या बाजूच्या फ्लॅपखाली सरकवतो, मग दाणे भरतो आणि मग ते गालाच्या बाजूला पांघरतो. ते रक्त शोषून घेतं आणि हाडाला चिकटतं. छोट्या खोबणीला एवढं पुरतं. गालाच्या बाजूचा दोष असेल तर नुसतं चिकटण्यावर भरवसा ठेवू नका. दोन टायटॅनियमच्या पिना किंवा पेरिऑस्टियममधून आडवा घेतलेला विरघळणारा टाका, काहीतरी हवंच. दाणे हलत राहिले तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. हंगेरीचे इश्तवान अर्बन पिना मारून मेम्ब्रेन इतकं ताणून बसवतात की आतला ग्राफ्ट सॉसेजसारखा घट्ट राहतो, त्या पद्धतीचं नावच सॉसेज टेक्निक पडलं आहे. ती पुढची पायरी आहे, पण "दाणे हलता कामा नयेत" हा तिचा गाभा पहिल्या केसलाही लागू आहे.

टाके

दोन रांगा. आधी कडेपासून ४ मिलिमीटर आत आडवे मॅट्रेस टाके, ५-० पीटीएफई किंवा तसाच जंतू न धरणारा धागा. हे टाके ताण घेतात आणि दोन्ही कडांची आतली कच्ची बाजू एकमेकींना भिडवतात. मग कडेवर साधे सुटे टाके, ६-० ने. गाठ आवळल्यावर हिरडी पांढरी पडली तर टाका काढा आणि पुन्हा ताण सोडवायला जा. पांढरी हिरडी म्हणजे रक्तपुरवठा नसलेली हिरडी, ती सुटणारच. टाके १० ते १४ दिवसांनी काढा.

त्या जागी तात्पुरता दात किंवा कवळी असेल तर आतून भरपूर घासून, हिरडीला स्पर्श होत नाही याची खात्री करूनच परत द्या. पुढच्या दातासाठी शेजारच्या दातांना चिकटवलेला तात्पुरता दात बरा.

घरी पाठवताना

पहिल्या दिवशी गालावरून थोड्या थोड्या वेळाने बर्फ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते हे आधीच सांगा, म्हणजे रात्री घाबरून फोन येत नाही. त्या जागी दोन आठवडे ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने चूळ, तीही जोरात खळखळवून नाही, तोंडात धरून सोडून द्यायची. अँटिबायोटिक देण्याआधी पेनिसिलिनची अॅलर्जी विचारा. खाण्यात गार दहीभात, पातळ खिचडी, मऊ केलेलं वरण. भाकरी, चिवडा, शेंगदाणे नकोत. आणि ओठ उचलून आरशात टाके बघायचे नाहीत. घरातले नातेवाईकही "दाखव बघू" म्हणतात, म्हणून हे सोबत आलेल्या माणसासमोर सांगा.

उघडं पडलं तर

घाबरून मेम्ब्रेन उपटू नका, आणि ताज्या सुटलेल्या कडा पुन्हा ओढून शिवूही नका. त्या मऊ कडांना टाका धरत नाही, भोक आणखी मोठं होतं. पू नसेल, वेदना नसेल, तर क्लोरहेक्सिडिनचं जेल दिवसातून दोनदा हलक्या हाताने लावायला द्या आणि दर आठवड्याला पाहा. नेटिव्ह कोलॅजेनवरून हिरडी बहुतेकदा दोन-चार आठवड्यांत सरकून येते. उघडं पडलेलं मेम्ब्रेन लाळेतल्या जंतूंच्या विकरांनी लवकर विरघळतं, म्हणून थोडं हाड कमी मिळेल. ते पेशंटला तेव्हाच सांगा, सहा महिन्यांनी नाही. पू आला, सूज वाढली, तर मात्र उघडून संसर्ग झालेले दाणे काढावे लागतात.

पुन्हा उघडताना

छोट्या खोबणीला ४ महिने, गालाच्या बाजूच्या दोषाला ६ महिने. सीबीसीटी पुन्हा करा आणि पहिल्या दिवशी लिहिलेल्या आकड्यांशेजारी नवे आकडे लिहा. फ्लॅप उचलल्यावर मेम्ब्रेन सापडणार नाही. दाणे हाडात रुतलेले दिसतील, प्रोबने टोचून हलणार नाहीत. पहिला ड्रिल फिरला की कडेने रक्त यायला हवं आणि हाताला हाडाचा विरोध जाणवायला हवा. दाणे सुटे निघत असतील, ड्रिल लोण्यात शिरल्यासारखा जात असेल, तर त्या दिवशी इम्प्लांट बसवू नका. पेशंट तयार होऊन आलेला असतो, सुट्टी काढून आलेला असतो, तरीही. शिवून घ्या आणि अजून दोन महिने द्या.